पद्मपूरचा कवि आणि शिशूची वाणी

गोंदिया जिल्ह्यांत आमगांवानजीक पद्मपूर नांवाचें खेडें आहे. महावीरचरिताच्या प्रस्तावनेंत भवभूतीनें आपल्या पूर्वजांचें जें पद्मपूर सांगितलें, तें हेंच, असें म. म. वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. दुर्ग येथें सांपडलेल्या अपूर्ण वाकाटक ताम्रपटांतहि पद्मपुराचें नांव आहे. स्थलनिर्णयाचा वाद पुन्हा उकरण्याचा आमचा हेतु नाहीं. मूल बोलावयास कसें शिकतें, या प्रश्नाविषयीं या कवीच्या ग्रंथांत जें आढळतें, त्याकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे.

प्रश्न मूळचा मीमांसकांचा. शब्दार्थसंबंध नित्य आहे, असें त्यांचें मत. तो नित्य असेल तर प्रथम ऐकतांच अर्थ कां कळत नाहीं, ही शंका शबरस्वामींनीं स्वतःच घेतली आहे. डोळा पाहणारा खरा, परंतु त्यासहि प्रकाश लागतो, हें त्यांचें उत्तर. शिशूचा हा प्रकाश म्हणजे वृद्धव्यवहार. आजा म्हणतो, ‘गाय आण’. बाप गाय आणतो. पोर पाहत असतें. पुढें ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ अशीं वाक्यें कानीं पडतात. एक शब्द गळतो, दुसरा येतो, तशी कृतीहि बदलते. त्यावरून पोर एकेक शब्दाचा अर्थ वेगळा काढतें. यासच आवापोद्वाप म्हणतात. येथें पोरास कोणी शिकवीत नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

भवभूतीचा या मताशीं संबंध काय? शं. पां. पंडित यांनीं आपल्या गउडवहोच्या १८८७ च्या आवृत्तींत मालतीमाधवाच्या एका जुन्या पोथीची नोंद केली आहे. तींत एका अंकाच्या शेवटीं कर्ता कुमारिलभट्टांचा शिष्य म्हटला आहे, दुसऱ्याच्या शेवटीं उंबेकाचार्य, आणि अखेरीस भवभूति. उलट कवि स्वतः आपल्या गुरूचें नांव ज्ञाननिधि असें सांगतो. एका पोथीच्या पुष्पिकेवरून कुमारिलांचें शिष्यत्व सिद्ध मानावें काय? आमच्या मतें मानूं नये. कवि आमच्या प्रांताचा, म्हणून मोह पडतो; पण मोह हें प्रमाण नव्हे.

पुष्पिका बाजूस ठेविली तरी उत्तररामचरिताचा चौथा अंक उरतोच. त्यांत वृद्ध जनकाला सीतेचें बाळपण आठवतें: कारणावांचून रडणें नि हंसणें, कळ्यांसारखे मोजके दांत, आणि अडखळते, असंबद्ध, गोड बोल. दांत मोजके आणि बोल अडखळते, म्हणजे लेंकरूं वर्ष-दीड वर्षाचें असावें. कवीनें खरेंखुरें मूल न्याहाळलें होतें, यांत आम्हांस संशय वाटत नाहीं. त्याच अंकांत आश्रमांतील बटु धांवत येतात. अश्व म्हणून कांहीं प्राणी असतो, असें त्यांनीं केवळ ऐकलेलें; तो आज प्रत्यक्ष दिसला. लवासहि तो शब्द ग्रंथांतूनच ठाऊक, म्हणून तो कसा आहे, असें विचारतो. मग बटु शेपूट, मान, खूर, गवत खाणें, इतकेंच काय, लीदहि वर्णितात. प्रेक्षक हंसतात, परंतु शब्द आधीं व वस्तु मागाहून आली म्हणजे काय होतें, तें येथें नेमकें दिसतें.

हा प्रवेश आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत शिकविला, पण त्याचा बोध आम्हांस उशिरां झाला. गोंडी, हलबी, पोवारी बोलणाऱ्या घरांतील मुलें पहिल्या वर्गांत मुकीं बसत. आम्हीं त्यांस मंदबुद्धि गणिलें. तींच मुलें दुपारीं घरच्यांच्या एका शब्दासरशीं गुरें वळवीत. बुद्धि होती, आमच्या शब्दांस व्यवहार नव्हता. सहा ते नऊ महिन्यांचीं अर्भकें बोलूं लागण्यापूर्वींच कांहीं खाद्यपदार्थांचीं व अवयवांचीं नांवें ओळखतात, असें अमेरिकेंत २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळलें. मौन म्हणजे अज्ञान नव्हे, हें मीमांसकांच्या उदाहरणांतील पोर पूर्वींच सांगत होतें. आम्हींच ऐकलें नाहीं.

संग्राहकांस दोन विनंत्या आहेत. मालतीमाधवाची पोथी जवळ असल्यास तिच्या प्रत्येक अंकाची पुष्पिका जशीच्या तशी उतरून कळवावी. तसेंच घरोघरच्या वृद्ध स्त्रिया तान्ह्या मुलांशीं ज्या शब्दांनीं बोलतात, ते पोवारी, गोंडी, हलबी शब्द प्रसंगासह टिपून ठेवावे. पोथी आणखी शंभर वर्षें टिकेल. ते शब्द बोलणाऱ्या आजीबरोबर जातात. इत्यलम्.