शून्य आधी लाल होतं

रुलेट पास्कलने शोधलं, असं जिथे तिथे छापलेलं असतं. मला ते पटत नाही. १६५८ मध्ये त्याने ‘रुलेटचा इतिहास’ लिहिला खरा, पण त्यात जुगार नाहीच. घरंगळत्या चाकावरचा बिंदू जी कमान काढत जातो, तिला तेव्हाचे फ्रेंच गणिती रुलेट म्हणत. नुसत्या नावावरून पास्कलच्या गळ्यात हे पितृत्व पडलं.

माझा संशय रंगापासून सुरू झाला. आज शून्याचं घर हिरवं असतं. पण १७९० च्या दशकात पॅरिसच्या चक्रांवर एकेरी शून्य लाल होतं, दुहेरी काळं. बँकेच्या राखीव घरांना खेळाडूंचे रंग कोण देईल? ज्याने ई-ओ पाहिलंय, तोच.

ई-ओ हा इंग्रजांचा खेळ. १७४५ च्या कायद्याने ‘रुलेट ऊर्फ रोली-पोली’वर नाव घेऊन बंदी आली. मग अड्डेवाल्यांनी आकड्यांच्या जागी सम-विषमाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं लिहिली आणि चक्र पुन्हा फिरू लागलं. बाथमधला बड्या मंडळींचा लाडका बो नॅश नफ्यात भागीदार होता. घरं ४०: वीस ‘ई’, वीस ‘ओ’. दोन्हींतलं एकेक मालकाचं. गोळी मालकाच्या ‘ई’त पडली, की ‘ओ’वाल्यांचे पैसे बुडाले, ‘ई’वाल्यांना मात्र जिंकूनही दमडी नाही. लाल शून्यामागचा हिशेब मला हाच दिसतो.

विरोधक कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीची १७५८ ची रुलेटबंदी पुढे करतील. करोत बापडे, इंग्रजांचा कायदा तिच्याआधी तेरा वर्षांचा. नाव फ्रेंच आहे, हे मान्य. आकड्यांचं कापड इटालीच्या बिरिबीचं, हेही मान्य. तिथे चक्र नव्हतं, पिशवीतून गोळ्या काढत. पण मालकाचा वाटा चक्रातच दडवण्याची लबाडी इंग्रजांची, आणि ती खाडीपलीकडे नेली असणार ती पॅरिसला उधळायला जाणाऱ्या इंग्रज शौकिनांनी.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे: गोंधळ टाळायला शून्यं हिरवी झाली, १८४३ मध्ये ब्लाँ बंधूंनी होम्बुर्गला दुहेरी शून्य काढून टाकलं, मग माँटे कार्लो. अमेरिकेत दोन्ही टिकली. तिथे बँकेचा वाटा ५.२६ टक्के, एका शून्यावर २.७०.

फ्रेंच टेबलावर आजही शून्य आलं, तर लाल-काळ्यावरचा डाव पुरता बुडत नाही. अर्धे पैसे परत मिळतात, नाहीतर तो पुढच्या फेरीपर्यंत ‘कैदेत’ राहतो. बँकेची ही दया, मी म्हणतो, लाल शून्याचीच शिल्लक आहे.