आवड आणि अभ्यासविषय : वणीतून पाहताना

बारावीचा निकाल लागला की दिंडोरी तालुक्यातील वणीसारख्या गावात घरोघरी एकच चर्चा रंगते : पुढे काय? गुण चांगले असतील तर अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्र, बेताचे असतील तर कला शाखा, असा सरधोपट हिशेब मांडला जातो. विद्यार्थ्याला नेमके काय आवडते, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी विचारला जातो. पदवीची तीन-चार वर्षे आणि घरच्यांची कष्टाची कमाई पणाला लागलेली असताना तो सर्वप्रथम विचारला जायला हवा.

आवड म्हणजे केवळ आकर्षण नव्हे. शिक्षक लाडके असल्याने विषय गोड वाटतो. मित्रांनी निवडला म्हणूनही तो हवासा वाटतो. खरी आवड ओळखण्याची कसोटी सोपी आहे. परीक्षा नसतानाही ज्याविषयी वाचावेसे वाटते आणि ज्यातील कंटाळवाणा भागही सोसवतो, तो विषय आपला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला गोष्टींबरोबर जुनी कागदपत्रे चाळावी लागतात, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला तोच प्रयोग पुनःपुन्हा करावा लागतो. म्हणून विषयाच्या नावावर न जाता विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील तिन्ही वर्षांचा अभ्यासक्रम वाचावा, तसेच त्या विषयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांशी बोलावे.

एका विषयाच्या अनेक वाटा असतात, हे वणी परिसराकडे पाहिले तरी उमगते. दिंडोरी तालुका द्राक्षांचा. घरी बाग आहे म्हणजे कृषी पदवीच घ्यावी, असे नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात नाकारली गेली, तेव्हा प्रश्न होता तो विश्लेषणात्मक रसायनशास्त्राचा. वेलीवरील रोग हा वनस्पतिशास्त्राचा प्रांत, वाइनचे किण्वन सूक्ष्मजीवशास्त्राचे, अवकाळी पावसाचा अंदाज संख्याशास्त्र व हवामानशास्त्राचा, तर निर्यातीचा व्यवहार वाणिज्य शाखेचा. जवळचा सप्तशृंगी गडही असाच. त्याचा बेसाल्टचा कडा भूविज्ञानाला साद घालतो, तर देवीची परंपरा इतिहास, लोकसाहित्य आणि पर्यटन यांना.

निवड चुकली तर?

या भीतीपोटी अनेकजण 'सुरक्षित' वाट धरतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे ही भीती काहीशी कमी झाली आहे. राज्यातील पारंपरिक पदवी अभ्यासक्रमांत आता मुख्य विषयाबरोबर (मेजर) दुय्यम विषय (मायनर) घेता येतो. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी अशी रचना आहे. मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा राहतात. पहिल्या वर्षानंतर मुख्य विषय बदलण्याची तरतूदही आहे. मात्र ती नियम आणि उपलब्ध जागांच्या अधीन असल्याने प्रवेशापूर्वीच महाविद्यालयात चौकशी करावी.

व्यवहाराकडे पाठ फिरवूनही चालत नाही. विषय आवडीचा असला तरी तो वणीत वा दिंडोरीत शिकवला जातो का, की नाशिकला रोज जाऊन-येऊन शिकावे लागेल, एस. टी. पास आणि वसतिगृह यांचा खर्च किती, हे कागदावर मांडावे. घरची शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हा पर्याय आहे. कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत असल्यास २०२४-२५ पासून पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला आहे. 'परवडणार नाही' म्हणून मुलीची आवड मोडीत काढण्यापूर्वी पालकांनी ही माहिती घ्यावी.

पालकांची काळजी निराधार नसते. नोकरीचा प्रश्न खराच असतो. त्यामुळे आवडीचा मुख्य विषय आणि उपजीविकेला हात देणारा दुय्यम विषय, अशी सांगड घालणे हा मधला मार्ग ठरतो. मराठीबरोबर भाषांतर वा पत्रकारिता, भूगोलाबरोबर भौगोलिक माहिती प्रणाली, अर्थशास्त्राबरोबर संख्याशास्त्र ही त्याची काही उदाहरणे.

शेवटी, द्राक्षबागायतदाराला जे ठाऊक असते तेच येथेही लागू पडते. शेजाऱ्याच्या बागेत बहरलेला वाण आपल्या जमिनीत रुजेलच असे नाही. लागवडीपूर्वी माती तपासण्यात गेलेले चार दिवस वाया जात नाहीत.