ट्रॅक-कारचे इंजिन : टर्बो की एनए

ट्रॅक-कार म्हणजे बंदिस्त शर्यतमार्गावर सराव करण्यासाठी, लॅपची वेळ कमी करण्यासाठी किंवा क्लब-शर्यतीत उतरण्यासाठी ठेवलेली मोटारगाडी. तिचे इंजिन निवडताना खरा प्रश्न हवेचा असतो. दट्ट्या खाली सरकला की बाहेरची हवा वातावरणाच्याच दाबाने सिलिंडरमध्ये शिरते, असे इंजिन म्हणजे नॅचरली ॲस्पिरेटेड, बोलण्यात एनए. टर्बो इंजिनात बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर एक लहानसे टर्बाइन फिरते आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा कॉम्प्रेसर हवा दाबून आत ढकलतो. ही युक्ती स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची. तिचे पेटंट १९०५ सालचे आहे.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते, अडते ते हवेपाशी. जास्त हवा मिळवायची तर इंजिन मोठे करा, ते वेगाने फिरवा किंवा हवा कोंबून भरा. होंडाची दोन इंजिने शेजारी ठेवली की फरक दिसतो. दोन लिटरच्या एस२००० गाडीचे जपानी बाजारातले एनए इंजिन मिनिटाला ८,३०० फेऱ्यांवर २५० अश्वशक्ती देई, पण टॉर्क जेमतेम २१८ न्यूटन-मीटर, तोही ७,५०० फेऱ्यांवर. २०१५ च्या सिव्हिक टाइप आरचे तेवढेच मोठे टर्बो इंजिन ६,५०० फेऱ्यांवर ३१० अश्वशक्ती देते आणि ४०० न्यूटन-मीटर टॉर्क २,५०० फेऱ्यांपासूनच हाताशी असतो. कागदावर निकाल लागल्यासारखा वाटतो. ट्रॅकवर तो इतक्या सहज लागत नाही, कारण तिथे आणखी दोन गोष्टी मोजाव्या लागतात: चालकाचा पाय आणि उष्णता.

आधी पाय. गाडी ब्रेक मारून वळणात उतरली आहे, टायर पकडीच्या टोकावर आहेत आणि चालक ॲक्सिलरेटरवर पुन्हा पाय टेकवतो आहे. एनए इंजिनात पेडल जितके दबले तितका जोर त्याच क्षणी चाकांना मिळतो. मागचे चाक सुटू लागले तर पाय केसभर उचलायचा, गाडी लगेच ऐकते. टर्बोत थ्रॉटल उघडणार, जास्त वायू बाहेर पडणार, टर्बाइन वेग घेणार, मग दाब चढणार. या साखळीला लागणारा वेळ म्हणजे टर्बो लॅग. तो अर्ध्या सेकंदाचा धरला, तरी ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते. मागितलेला जोर येतो तो भलत्याच जागी, आणि येतो तोही एकदम. मुरलेला चालक पाय आधी टेकवून हे जुळवून घेतो. शिकणाऱ्याची पंचाईत अशी, की मागचा भाग घसरला तो आपल्या चुकीने की उशिरा आलेल्या दाबाने, हे त्याला उमगत नाही. लहान टर्बाइन आणि ट्विन-स्क्रोल रचना यांमुळे आजचा लॅग पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी आहे; पण अजिबात नाही असे नव्हे.

आता उष्णता. ३० अंश सेल्सिअसची हवा दाबून दुप्पट दाबाची केली, तर चांगल्या कॉम्प्रेसरमधूनही ती सव्वाशे अंशांच्या आसपास तापून बाहेर पडते. तापलेली हवा विरळ असते, शिवाय ती नॉकिंगला, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकण्याला, आमंत्रण देते. म्हणून मध्ये इंटरकूलर बसवतात. रस्त्यावर पेडल पूर्ण दाबलेले असते ते ओव्हरटेक करताना, काही सेकंद. मग इंटरकूलरला निवायला वेळ मिळतो. ट्रॅकवर वीस मिनिटांच्या सत्रात तो मिळत नाही. पहिल्या दोन लॅप गाडी झकास पळते. तिसऱ्या-चौथ्या लॅपला आत येणाऱ्या हवेचे तापमान चढलेले असते, इंजिन वाचवण्यासाठी संगणक ठिणगी उशिरा पाडू लागतो आणि त्याच सरळ पट्ट्यावर शेवटचा वेग आधीच्या लॅपइतका लागत नाही. चालक टायरना दोष देत बसतो. एनए इंजिनालाही कडक उन्हात कमी हवा मिळते, त्याचेही तेल आणि पाणी तापते. परंतु आपण घेत असलेली हवा ते स्वतः तापवत नाही. त्याची दहावी लॅप दुसऱ्या लॅपशी मिळतीजुळती येते, आणि शिकायला हेच लागते.

टर्बोची बाजू भक्कम होते ती उंचीवर. १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे रेनोने फॉर्म्युला वनमध्ये पहिली टर्बो गाडी उतरवली. नियम असा, की एनए इंजिन तीन लिटरचे आणि टर्बो दीड लिटरचे. रेनोची ती पिवळी गाडी वारंवार धूर सोडत बंद पडे, म्हणून तिला किटली म्हणून हिणवले गेले. पण जोहान्सबर्गजवळचे क्यालामी समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंच. तिथल्या पातळ हवेत एनए इंजिनांची १५ टक्क्यांच्या आसपास शक्ती गळे, तर टर्बो जास्त फिरून ती तूट भरून काढी. १९७९ मध्ये झाँ-पिएर झाबुईने टर्बोची पहिली पोल पोझिशन मिळवली ती इथेच, आणि त्याच वर्षी फ्रान्समधील दीजाँ येथे पहिला विजयही त्यानेच आणला. पुढची वर्षे टर्बोची होती. १९८८ मध्ये होंडा टर्बोवर धावणाऱ्या मॅक्लारेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. १९८९ पासून टर्बोवर बंदी आली, ती २०१४ मध्ये १.६ लिटरच्या संकरित टर्बो इंजिनांनी उठली.

चेन्नईजवळचा मद्रास मोटर रेस ट्रॅक समुद्रसपाटीच्या जवळ आहे, त्यामुळे उंचीचा हा फायदा तिथे नाही. उन्हाचा जाच मात्र पुरेपूर आहे.

शर्यतीत उतरायचे असेल तर इंजिनाच्या क्षमतेवरून ठरणारा वर्ग आधी पाहावा. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या (एफआयए) नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनाची क्षमता १.७ ने गुणून धरतात. चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयचे ११९७ घनसेंटिमीटरचे इंजिन या हिशेबाने २,०३५ चे ठरते आणि दोन लिटरच्या वर्गाबाहेर जाते. स्थानिक स्पर्धेचे नियम वेगळे असू शकतात.

प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्ट आहे: पहिली ट्रॅक-कार एनए असावी, हलकी असावी आणि उरलेला पैसा टायर, ब्रेक आणि ट्रॅकवरच्या तासांवर जावा. कमी टॉर्कमुळे गिअर सतत बदलावे लागतात, इंजिन वरच्या फेऱ्यांत राखावे लागते आणि वळणात गमावलेला वेग सरळ पट्ट्यावर भरून निघत नाही. ही कटकट नव्हे, हेच शिक्षण आहे. पोर्शेने २०१५ पासून ९११ कॅरेरा मालिकेला टर्बो दिला, पण ट्रॅकसाठी घडवलेली ९११ जीटी३ चार लिटरच्या एनए इंजिनावर आणि ९,००० फेऱ्यांवर ठेवली, याकडे लक्ष द्यावे. लॅपची वेळ हेच ध्येय असलेल्या, हात बसलेल्या चालकाने टर्बो जरूर घ्यावा. मात्र बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवण्याआधी मोठा इंटरकूलर, ऑइल कूलर आणि हवेच्या वाटा यांवर खर्च करावा.

एनए इंजिनाला मागाहून टर्बो बसवणे हा तिसरा, मोहाचा मार्ग. एनए इंजिनाचे संपीडन-गुणोत्तर बहुधा जास्त असते, त्यात दाबलेली हवा भरली की नॉकिंग ठरलेले. दट्टे, कनेक्टिंग रॉड, इंजेक्टर, क्लच, बहुतेक वेळा गिअरबॉक्ससुद्धा बदलावा लागतो. एवढ्या पैशांत मुळात टर्बो असलेली जुनी गाडी येते.

टर्बो गाडीची एक शिस्त सत्र संपल्यावरची. मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेणारा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो आणि पलीकडे ९०० अंशांच्या पुढचे वायू असतात. पिटमध्ये येऊन लगेच किल्ली फिरवली तर तेल थांबते, तिथल्या तिथे करपते आणि त्याची काजळी बेअरिंगच्या वाटा बुजवते. म्हणून शेवटची लॅप सावकाश, वरच्या गिअरमध्ये, दाब चढू न देता काढावी. पिटमध्ये बॉनेट उघडून इंजिन मिनिट-दोन मिनिटे तसेच चालू ठेवावे, आणि मगच बंद करावे.