घारापुरीची वजाबाकी

आमच्या तीर्थपुरीत समुद्र फक्त नकाशात. त्यामुळे गेटवेहून तासभर लाँचीत हेलकावे खात घारापुरीला पोचेतो पोटातली सकाळची जमा जवळजवळ खर्ची पडली! खाणीतून दगड काढला की मागे खड्डा उरतो. इथं सहाव्या शतकातल्या कारागिरांनी दगड काढला आणि शिल्लक राहिली वीसेक फुटी सदाशिवमूर्ती. निव्वळ वजाबाकीची ठेव!

दगडी हत्ती पाहून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ नाव दिलं. १८६४ साली इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, तर उचलतानाच त्याचे तुकडे झाले. १९१४ साली सांधलेला तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत. १९८७ साली लेणी जागतिक वारसा ठरली; समोर मुंबई रात्रभर झगमगत असताना बेटाला समुद्राखालच्या केबलनं वीज मिळाली २०१८ साली. देवाला मान, माणसांची येणे बाकी!