लॉगरोटेट
लिनक्स सर्व्हरवरील लॉग फाइली ठरावीक काळाने वा आकाराने बदलून जुन्या फाइली संकुचित करणारा व अखेर पुसणारा प्रोग्राम. मूळ लेखक एरिक ट्रोन व प्रेस्टन ब्राउन. तो सतत चालत नाही. क्रॉन किंवा सिस्टिमडीचा टायमर त्याला बहुधा रोज एकदा सुरू करतो. प्रत्येक सेवेचे नियम ‘ईटीसी’मधील ‘लॉगरोटेट डॉट डी’ या डिरेक्टरीत असतात. डेबियनमध्ये एनजिनएक्स या वेब सर्व्हरची लॉग फाइल रोज बदलते व १४ जुन्या फाइली राखल्या जातात.

लॉग बदलताना जुन्या फाइलीला नवे नाव दिले जाते. खरी मेख या नाव बदलण्यात आहे. चालू प्रोसेसने उघडलेली फाइल नावाने नव्हे, तर आयनोडने, म्हणजे फाइल सिस्टिममधील तिच्या अंतर्गत नोंदीने ओळखली जाते. त्यामुळे नाव बदलले तरी एनजिनएक्स जुन्याच फाइलीत लिहीत राहतो. त्याला ‘यूएसआर१’ सिग्नल दिल्यावर तो नवी फाइल उघडतो. डिस्क भरली म्हणून घाईने ‘आरएम’ कमांडने लॉग पुसणाऱ्याची फसगतही इथेच होते. फाइलींचे आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ला ती फाइल दिसत नाही, पण प्रोसेसने ती धरून ठेवल्याने ‘डीएफ’ जागा भरलेलीच दाखवतो. अशा फाइली ‘एलएसओएफ’ने शोधता येतात.

‘कॉपीट्रंकेट’ पर्याय फाइलीची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करतो. त्याला सिग्नल लागत नाही; मात्र त्या क्षणी लिहिलेल्या काही ओळी हरवू शकतात. हल्ल्याचा माग काढण्यासाठी लागणाऱ्या लॉगना तो वापरू नये. नवे नियम आधी ‘-डी’ पर्यायाने तपासावेत. त्यात एकाही फाइलीला धक्का लागत नाही.