चट्टा दाखवायचा कुणाला?

आजची गोष्ट आपल्या केडगावच्याच एका बाईपासून सुरू करते.

१८८२ साली सरकारचा हंटर आयोग शिक्षणाची चौकशी करायला पुण्यात आला होता. त्याच्यापुढे २४ वर्षांच्या एका विधवेनं मराठीत साक्ष दिली. त्या पंडिता रमाबाई. पुढे त्यांनी आपल्या केडगावात मुक्ती मिशन उभं केलं आणि १९२२ साली इथंच देह ठेवला. मुलींच्या शिक्षणाबद्दल बोलताना त्यांनी आजारपणाचाही विषय काढला. आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरला दुखणं सांगायला लाजतात आणि त्यापायी कितीतरी जणी हकनाक मरतात, म्हणून बायकांना डॉक्टरकी शिकवा, अशी मागणी त्यांनी केली.

दुखणं दाखवायचं कुणाला, हा तो प्रश्न. एका आजारात हा प्रश्न आजही हातापायांवर बेततो. तो आजार म्हणजे कुष्ठरोग. जुन्या बायका त्याला महारोग म्हणायच्या.

आपण त्याला कातडीचा रोग समजतो, पण त्याचा खरा मारा नसांवर असतो. स्पर्श, चटका, टोचणं यांची खबर मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसांमध्ये त्याचे जंतू शिरतात. ते फार सावकाश वाढतात, कधी कधी लक्षण दिसायला वर्षानुवर्षं लागतात. आधी अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा उठतो. तो खाजत नाही, दुखत नाही. म्हणूनच तर दुर्लक्ष होतं. पुढे हात बधिर होतो. भाकरी भाजताना तव्याचा चटका बसला तरी कळत नाही. पायात काटा मोडला तरी चालणं थांबत नाही. जखमा चिघळतात आणि बोटं आखूड होत जातात. लोक म्हणतात, रोगानं बोटं झडली. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं झडत नाहीत. दुखणं कळत नसल्यामुळे वारंवार इजा होते आणि बोटं जातात ती त्या इजांनी.

या रोगाबाबत डॉक्टरांच्याही चुका झाल्या. १८६७ साली लंडनच्या मोठ्या वैद्यक मंडळानं तो आनुवंशिक असल्याचा निर्वाळा दिला. १८७३ साली नॉर्वे देशात डॉ. हॅन्सन यांना त्याचा जंतू सापडला आणि ती समजूत खोटी ठरली. पण याच हॅन्सन यांच्या हातून मोठा अन्याय झाला. रोग एकाकडून दुसऱ्याला होतो का, हे पाहण्यासाठी १८७९ साली त्यांनी दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश घेऊन कारी निल्सडॅटर नावाच्या रुग्ण बाईच्या डोळ्याला टोचला. तिला विचारलं नाही, तिची संमती घेतली नाही. प्रकरण कोर्टात गेलं. तिनं तिथं सगळं सांगितलं. १८८० साली कोर्टानं डॉक्टरांना दोषी धरलं आणि रुग्णालयातलं पद काढून घेतलं. डॉक्टर केवढाही मोठा असो, रुग्णाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा धडा एका गरीब बाईमुळे मिळाला.

आपल्या देशात १८९८ सालच्या कायद्यानं गरीब कुष्ठरुग्णांना पकडून वेगळं ठेवायची सोय केली. तो कायदा २०१६ साली रद्द झाला. बरा न होणारा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण धरलं जायचं, तेही कायद्यातून निघालं २०१९ साली. आता सांगा, ज्या चट्ट्यापायी संसार मोडू शकतो, तो चट्टा कोणती बाई आपणहून दाखवेल? ती पदराखाली झाकणारच.

ही कोंडी फोडली ती बायकांनीच. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. कितीतरी जणी निरक्षर, काही दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. शेजारणीच्या ओसरीवर बसून, तिला विश्वासात घेऊन त्या चट्टा बघायला शिकल्या आणि गोळ्या चुकू नयेत म्हणून पाठपुरावा करायला लागल्या. मुंबईचे डॉ. नोशीर अंतिया हे कुष्ठरुग्णांचे वाकडे झालेले हात सरळ करणारे शल्यविशारद. शस्त्रक्रिया करून थकलं तरी रुग्ण उशिराच येत राहणार, हे ओळखून त्यांनी अलिबागजवळच्या मांडव्यात गावच्या बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं. त्या बायकांनी कुष्ठरोग आणि क्षयाचे रुग्ण हुडकून काढले.

औषधही आलं. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं एकापेक्षा जास्त औषधं एकत्र द्यायची पद्धत सुचवली. आज हे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. कोर्स सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा असतो. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत त्या माणसाकडून लागण होण्याची भीती उरत नाही.

मग अडतं कुठं? २००५ च्या अखेरीस देशात दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण उरले आणि लोकांना वाटलं, रोग संपला. तो संपलेला नाही. जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण आजही भारतात सापडतात. पण लक्ष कमी झालं. बाई चट्टा घेऊन गेली की गजकर्ण म्हणून मलम हातात पडतं. मलम संपतं, दुसरं येतं, आणि महिने निघून जातात. हे महिने फार मोलाचे आहेत. नस बधिर होऊन सहा महिने झाले नसतील तर औषधानं ती पुष्कळदा सुधारते. त्यानंतर गेलेला स्पर्श परत येणं अवघड होऊन बसतं.

निदान चुकलं की दर वेळी डॉक्टरचा हलगर्जीपणाच असतो असं नाही. पण साधी तपासणीच केली नाही, तर जाब विचारता येतो. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आणले. आपले उपचाराचे कागद मागितले तर डॉक्टरनं ते ७२ तासांत द्यायचे, असा २००२ चा नियम आहे. म्हणून प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा.

आणि ती तपासणी तरी केवढी? डोळे मिटायला सांगायचं, पेनच्या टोकानं किंवा कापसानं चट्ट्यावर हलकेच स्पर्श करायचा आणि विचारायचं, कुठं लागलं ते बोटानं दाखव. दाखवता आलं नाही, तर आशाताईला सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. मलम मिळालं तरी विचारायचं, "डॉक्टर, इथं बधिर आहे का ते बघता का?"

पुढच्या बैठकीला हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं याला द्या. दार लोटून घ्या. जिला काही दाखवायचं असेल, तिला ते तुमच्यापुढे तरी दाखवता यावं.