सावकाश तपासाची गोष्ट

गुन्ह्याच्या तपासाची कादंबरी म्हटली कीं आपल्या मनासमोर धांवपळ उभी राहते : अंधारी रात्र, भरधाव मोटार, पिस्तुलाचा आवाज आणि शेवटच्या पानावर गळून पडणारा बुरखा. परंतु स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि आइसलंड या उत्तरेकडील थंड देशांतून गेल्या साठ वर्षांत ज्या पोलीसकथा जगभर गेल्या, त्यांत ही धांवपळ फारशी आढळत नाहीं. शंभर पानें उलटलीं तरी अधिकारी एखाद्या पत्राच्या उत्तराची वाट पाहत बसलेला असतो. बाहेर पाऊस असतो, त्याला पडसें झालेलें असतें, आणि टेबलावर वाचावयाच्या कागदांचा ढीग असतो. तरीहि वाचक पुस्तक खालीं ठेवीत नाहीं. असें कां व्हावें, याचा आज इतिहासाच्या अंगानें विचार करूं.

या वाङ्मयप्रकाराचा उगम १८४१ सालीं एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाच्या कथेंत मानतात. १८८७ सालीं शेरलॉक होम्स अवतरला. या कथांचा नायक विलक्षण बुद्धीचा एकटा पुरुष, आणि पोलीस बहुधा त्याच्या मागून धापा टाकीत येणारे. मराठींत या गोष्टीनें अधिकच वेग घेतला. चंद्रकांत सखाराम चव्हाण ऊर्फ बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड घरोघर पोंचले. या पुस्तकांनीं असंख्य मराठी माणसांस वाचनाची गोडी लाविली, हें ऋण मान्य केलेंच पाहिजे. मात्र अशा कथांत खून हें बहुधा साहसाचें निमित्त असतें. ज्याचा जीव गेला, तो माणूस दोनचार प्रकरणांतच विस्मृतीच्या आड जातो.

१९६५ सालीं स्वीडनमध्यें दोन गोष्टी घडल्या. स्थानिक संस्थांच्या अधीन असलेलें पोलीस दल १ जानेवारीपासून राष्ट्रीय सरकारच्या ताब्यांत आलें. आणि त्याच वर्षीं माय शेवाल व पेर वालो या जोडप्याची ‘रोझान्ना’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. योटा कालव्याच्या एका जलद्वारापाशीं गाळ काढणाऱ्या यंत्राला एका स्त्रीचें प्रेत सांपडतें. ती कोण, कोठली, हें कित्येक आठवडे कोणासच ठाऊक नसतें. मार्टिन बेक हा अधिकारी आणि त्याचे सहकारी कालव्यांतून गेलेल्या बोटींचीं वेळापत्रकें तपासतात, उतारूंच्या याद्या करतात, त्या उतारूंनीं प्रवासांत काढलेलीं छायाचित्रें देशोदेशींहून मागवितात. त्यांचा पहिला मोठा शोध त्या मृत स्त्रीच्या नांवाचा असतो. खुन्याची पाळी त्यानंतर येते. १९७५ पर्यंत या लेखकद्वयानें अशा दहा कादंबऱ्या लिहिल्या. प्रत्येकींत तीस प्रकरणें, आणि तीनशें प्रकरणांच्या त्या अखंड ग्रंथाचें नांव ‘एका गुन्ह्याची कादंबरी’. गुन्हा एका व्यक्तीचा, कीं तिला घडविणाऱ्या समाजाचा, हा त्यांचा प्रश्न होता. पुढें १९९१ सालीं हेनिंग मानकेल यांनीं इस्टाड या लहान गांवांतील वालांडर हा अधिकारी आणला, आणि ही परंपरा जगभर पसरली.

ही रीत आपणांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. भंडाऱ्याहून पूर्वेस निघालें कीं वैनगंगेच्या पलीकडील तीरावर कारधा लागतें. येथील पुलापाशीं पावसाळ्यांत नदीच्या पाण्याची पातळी नित्य नोंदली जाते, आणि २४५.५० मीटर ही धोक्याची खूण मानली जाते. आतां समजा, याच पाण्यांतून एखादें अनोळखी प्रेत वाहत आलें. प्रथम १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यान्वयें नेमलेला पोलीस पाटील ठाण्यास वर्दी देतो. मग पंचांसमक्ष पंचनामा होतो : अंगावरचीं वस्त्रें, गोंदण, जखमा, हातांतल्या बांगड्या, सारें लिहून घेतलें जातें. १८९८ च्या आणि त्यानंतर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत ही चौकशी कलम १७४ खालीं होत असे, व तपासाची रोजची दैनंदिनी कलम १७२ प्रमाणें ठेवीत. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेंत त्यांचे क्रमांक १९४ आणि १९२ झाले; काम तेंच राहिलें. मग नदीकांठच्या गांवोगांवीं एकच विचारणा सुरू होते : तुमच्याकडची कोणी बेपत्ता आहे काय?

आमचा भंडारा जिल्हा मध्यप्रांतांत असतांना गांवचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर ठाण्यावर नेत असे. हा कोतवाल बहुतेक गांवीं महार समाजांतला, अत्यल्प मोबदल्यावर राबणारा माणूस. त्यानें दिलेल्या खबरींतून भरलेल्या कोतवाल-पंजीची नक्कल आजहि विदर्भांतील माणसें वंशावळीच्या पुराव्यासाठीं कचेरींत शोधतात. ज्या मजुराचें नांव दुसऱ्या कोणत्याहि ग्रंथांत नाहीं, त्याचें नांव त्या पंजींत सांपडतें. स्वीडिश कादंबरीकारानें जें मोल ओळखलें, तें या रुक्ष कागदांत आधींपासूनच होतें. आपल्या देशांत असें लेखनहि नवें नाहीं. कलकत्त्याचे पोलीस अधिकारी प्रियनाथ मुखोपाध्याय यांनीं १८९२ पासून ‘दारोगार दप्तर’ या मालिकेंत आपल्या तपासांच्या हकीकती बंगालींत छापिल्या.

महाराष्ट्रांतहि असा एक सावकाश तपास सर्वांच्या स्मरणांत आहे. परभणी जिल्ह्यांतील मानवत येथें १९७२ ते १९७४ या काळांत स्त्रियांचे व कोवळ्या मुलींचे एकामागून एक खून झाले. मुंबईच्या गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांनीं त्या तपासाचें नेतृत्व केलें. पुढें त्यांनीं आपल्या आठवणी ग्रंथरूपानें लिहिल्या, आणि त्यांवर आधारलेली चित्रमालिका २०२४ सालीं निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि खालच्या न्यायालयाचे सगळेच निर्णय तेथें टिकले नाहींत. पोलिसांस जें सिद्ध वाटतें, तें न्यायासनापुढें पुन्हा सिद्ध करावें लागतें, हा या कथेचा खरा शेवट होय.

येथें मला माझ्या व्यवसायांतली एक गोष्ट आठवते. गणिताच्या वहींत नुसतें उत्तर बरोबर असून भागत नसे. रीत दाखविली नाहीं तर आम्ही पूर्ण गुण देत नसूं. कारण रीत नसेल तर उत्तर शेजाऱ्याच्या वहींतलेंहि असूं शकतें. न्यायाचेंहि तसेंच आहे. ६ डिसेंबर २०१९ रोजीं हैदराबादजवळ एका तरुणीवरील अत्याचार व खून या प्रकरणांतील चार संशयित पोलिसांच्या गोळीबारांत मेले, तेव्हां लोकांनीं पोलिसांवर फुलें उधळलीं. पुढें सर्वोच्च न्यायालयानें चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ति विकास सिरपूरकर, हे पूर्वी नागपुरांत वकिली केलेले गृहस्थ. त्या आयोगानें २०२२ सालच्या अहवालांत सांगितलें कीं, गोळीबार जाणूनबुजून मारण्याच्या हेतूनें झाला, आणि मृतांपैकीं तिघे अल्पवयीन होते. फुलें उधळणाऱ्यांना उत्तर हवें होतें; रीत कोणी विचारली नाहीं. त्या दुर्दैवी तरुणीचा खटला कोणत्याहि न्यायालयांत उभा राहिला नाहीं, तो नाहींच.

कोणी म्हणेल, मास्तर, सावकाशीचें एवढें कौतुक नको. आमच्याकडे खटले वर्षानुवर्षें कुजतात. आक्षेप रास्त आहे. दिरंगाई आणि सावधपणा यांचा वेष सारखा दिसतो, पण एकींत कागद पडून असतो आणि दुसऱ्यांत तो पुन्हा पुन्हा वाचला जातो. शिवाय सावधपणालाहि यशाची हमी नाहीं. खुद्द स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचा २८ फेब्रुवारी १९८६ रोजीं भर रस्त्यांत खून झाला, आणि चौतीस वर्षांच्या तपासानंतर २०२० सालीं तें प्रकरण मिटविण्यांत आलें. उत्तरेकडील पोलीसकथाहि हें अपयश लपवीत नाहींत. त्यांचा नायक दमतो, चुकतो, आणि कधीं कधीं उशिरा पोंचतो.

म्हणूनच सुशिक्षित वाचकांस या कथा ओढ लावितात, असें मला वाटतें. प्रत्यक्ष जगांत आपणांस निकालाची घाई असते, आणि त्या घाईंत मृत मनुष्य हरवतो. या संथ पुस्तकांत कोणी तरी बसून विचारतें : ही कोण होती? हिचे कपडे कोणीं शिवले? हिची वाट कोण पाहत असेल? अनोळखी प्रेताला त्याचें नांव परत मिळेपर्यंत तें कोणी तरी उठत नाहीं. एवढा वेळ मेलेल्या माणसाला देणें, हें जिवंत समाजाचें कर्तव्य होय. कादंबरी वाचून झाल्यावर पुढच्या वेळीं वर्तमानपत्रांतील बातमी वाचतांना आपण पकडला कोण याच्या आधीं गेला कोण हें विचारलें, तर त्या वाचनाचें सार्थक झालें.